डावीकडची खिडकी: बसने पाहिलेली मुंबई

पाहुण्याला मुंबई दाखवायची म्हटली की आपण आधी ठिकाणांची यादी करतो. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक. मग दिवसभराची गाडी ठरते. पाहुणा एका दारात उतरतो, फोटो काढतो, पुन्हा गाडीत बसतो आणि पुढचं ठिकाण येईपर्यंत डुलक्या काढतो. मधलं शहर त्याला दिसतच नाही.

माझी आत्या कऱ्हाडची. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे, डोळे मात्र अजून लख्ख. टॅक्सीत शिरायला तिला फार वाकावं लागतं आणि उतरताना कुणीतरी हात धरून ओढावं लागतं. लोकलचे जिने चढणं तर शक्यच नव्हतं. "मला बसने फिरव की," ती म्हणाली. "उंचावरून सगळं दिसतं. आणि माणसं पण दिसतात." मी मुंबईत बरीच वर्षं राहते, बेस्टच्या बसने रोज कामावर जाते, पण बस हे फिरायचं साधन म्हणून मी कधी हाताळलं नव्हतं. आत्याच्या त्या एका वाक्यामुळे मी ठिकाणांची यादी बाजूला ठेवली आणि रस्त्यांची केली. कुलाबा ते बोरीबंदर, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मरीन ड्राइव्ह. बोरीबंदर ते दादर. आणि वेळ उरला तर मलबार हिल. ठिकाणं त्या रस्त्यांवर आपोआप येणारच होती.

आधी व्यवहाराचं सांगते. बेस्टचा दिवसभराचा पास ७५ रुपयांना मिळतो. मे २०२५ मध्ये भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि वातानुकूलित बसचं १२ रुपये आहे. दोन-तीनदा चढउतार करायची असेल तर सुटी तिकिटं चालतात, पण फिरायला निघालात तर पासच घ्या. फायदा नुसता पैशांचा नाही. पास हातात असला की कुठेही उतरायला मन कचरत नाही. एखादी इमारत आवडली, उतरलं, बघितली, मागून येणारी बस पकडली. तिकीट वाया गेल्याची रुखरुख नाही. ज्यांना फोन वापरता येतो त्यांना चलो ॲपवर आपली बस कुठवर आली हे दिसतं. बसचे मार्ग आणि नंबर बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी एकदा बघून घ्यावं. बसच्या कपाळावरचा नंबर मराठी आकड्यांत असतो, त्यामुळे आत्याला लांबूनच नंबर वाचता यायचा आणि ती माझ्या आधी हात करायची.

वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी चार-साडेचार. त्याआधी आणि त्यानंतर बस कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची असते, तेव्हा आपण खिडक्या अडवून बसू नये असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बसायची जागा. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे डाव्या खिडकीला फुटपाथ, दुकानं, इमारतींचे दरवाजे, बाल्कन्या अगदी लगटून येतात. उजव्या खिडकीतून समोरून येणारी वाहनं दिसतात आणि त्यांच्यापलीकडे अर्धीमुर्धी इमारत. म्हणून बसायचं डावीकडे. पण डावी खिडकी एका फेरीत रस्त्याची एकच बाजू दाखवते. दुसरी बाजू बघायची तर त्याच रस्त्याने परत यायला हवं. हे एकदा लक्षात आलं आणि आमचं सगळं फिरणं त्यावरच बेतलं गेलं: प्रत्येक रस्ता जाऊन-येऊन. आणि हवी ती खिडकी मिळवायची तर बस जिथून सुटते तिथूनच चढायचं. मधल्या थांब्यावर चढून डावी खिडकी मिळाली तर नशीब.

पहिल्या दिवशी आम्ही कुलाब्याच्या टोकाला, आर. सी. चर्चला गेलो. तिथून बऱ्याच बस सुटतात. जवळच अफगाण चर्च आहे. १५ जुलै १९२६ ला मुंबईतली पहिली मोटारबस धावली ती याच अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. म्हणजे आपण जिथे बसून बस सुटायची वाट बघतो तिथेच या शहराची बस सुरू झाली. त्याआधी ट्राम होती, १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची. आत्याला घोड्यांची ट्राम ही कल्पनाच फार आवडली. "आणि घोडी दमली की?" तिने विचारलं. दमलेली जोडी सोडून नवी जोडायचे, एवढं मला माहीत होतं, तेवढं सांगितलं.

कुलाबा कॉजवेचा रस्ता अरुंद. बस इतकी सावकाश जाते की पहिल्या मजल्यावरच्या लाकडी कठड्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग सांगता येतात. ससून डॉकच्या थांब्यावर मासळीचा वास घेऊन एक कोळीण चढली. डॉकवरचं काम आटपून घरी निघाली असावी. रिकामी पाटी पायाशी ठेवून ती आत्याच्या शेजारी टेकली आणि दोघींचं लगेच सुरू झालं, गाव कुठलं, पोरं किती, गुडघ्याला काय लावता. गाडी ठरवून गेलो असतो तर ससून डॉक आम्ही 'पाहिलं' असतं. इथे डॉकवरच्या बाईने आत्याला सुरमई ताजी कशी ओळखायची ते कल्ले दाखवल्यासारखे हात करून सांगितलं.

रिगलच्या चौकात बस वळते तिथे डोळे उघडे ठेवायचे. रिगल सिनेमा १९३३ चा. त्याचा आराखडा चार्ल्स स्टीव्हन्स यांचा. आणि याच बसने सरळ पुढे गेलं की जे बोरीबंदर स्टेशन लागतं, ते त्यांचे वडील एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं. बापाने घुमट, कमानी, दगडात कोरलेले प्राणी-पक्षी असं स्टेशन बांधलं आणि मुलाने पन्नासएक वर्षांनी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सरळ रेषांचं, चकचकीत थिएटर. पुस्तकात हे दोन वेगळ्या प्रकरणांत येतं. बसमध्ये ते एका तिकिटात येतं.

मध्ये म्युझियम. राजे पंचम जॉर्ज युवराज असताना इथे आले तेव्हा त्यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. आम्ही तिथे उतरलो नाही. आत्याला आतल्या पायऱ्या झेपल्या नसत्या. पुढे लगेच काळा घोडा. पाठीवर स्वार नसलेला घोडा, २०१७ मध्ये बसवलेला. "स्वार कुठं गेला?" आत्या म्हणाली. मी म्हटलं, "परवा दाखवते."

हुतात्मा चौकात मात्र ती स्वतःहून उठली. १ मे १९६० ला ती लहान होती, शाळेत साखर वाटली होती एवढं तिला आठवत होतं. घरी मोठी माणसं फ्लोरा फाउंटनचं नाव घ्यायची, पण ते म्हणजे नक्की काय हे तिने कधी बघितलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला. १८६४ चं ते कारंजं आणि त्याच्या शेजारी मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक, दोन्ही तिने सावकाश फिरून पाहिलं. पास असल्यामुळे घाई नव्हती.

त्या चौकातून चर्चगेटकडे वळणारी बस घेतली तर अगदी थोड्या अंतरात मुंबईचा फार मोठा ऐवज दिसतो. ओव्हल मैदानाच्या तोंडाशी आलात की डावीकडे बघायचं. मैदानाच्या एका कडेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं १८७० च्या दशकातलं, टोकदार कमानींचं, दगडी. समोरच्या कडेला १९३० च्या दशकातल्या गोलसर कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या इमारती. मधे नुसतं मैदान आणि क्रिकेट. २०१८ मध्ये युनेस्कोने या सगळ्याला मिळून जागतिक वारशात घेतलं. हायकोर्ट-विद्यापीठ बांधलं तेव्हा त्यांच्यापुढे मैदान आणि मैदानापलीकडे समुद्र होता. समोरच्या इमारती उभ्या आहेत ती जमीन नंतर भराव घालून मिळवलेली. हे कळलं की ती दगडी इमारतींची रांग पश्चिमेकडे तोंड करून का उभी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि म्हणूनच दुपारी चारनंतर उतरतं ऊन राजाबाई टॉवरच्या दर्शनी बाजूवर पडतं, ती वेळ साधावी. प्रेमचंद रायचंद यांनी या मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि आईचं नाव दिलं. २८० फूट उंच. मैदानाच्या पूर्वेच्या रस्त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे हे पाटीवर वाचल्यावर आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती रयतच्या शाळेत शिकलेली. भाऊरावांनी, म्हणजे अण्णांनी, रयत शिक्षण संस्था सुरू केली ती १९१९ मध्ये, कऱ्हाड तालुक्यातल्या काल्याला. "आमच्या अण्णांचा रस्ता हायकोर्टासमोर," असं तिने घरी फोन करून सांगितलं, तिथूनच.

मरीन ड्राइव्हसाठी १२३ नंबर. ही बस आर. सी. चर्चहून निघते आणि मरीन ड्राइव्हवरून ताडदेवच्या वसंतराव नाईक चौकात जाते. जुन्या मुंबईकरांना ती डबलडेकर म्हणून आठवत असेल. जाताना, म्हणजे उत्तरेकडे, बस समुद्राच्या बाजूच्या मार्गिकेतून धावते. त्यामुळे डाव्या खिडकीत फक्त कठडा आणि पाणी. ३.६ किलोमीटरचा तो वळसा एकसलग दिसतो आणि मलबार हिल हळूहळू मोठी होत समोर येते. चालत गेलं तर पाय दुखतात, गाडीने गेलं तर कठडाच नजरेच्या आड येतो. बसची खिडकी कठड्याच्या वर असते. आत्या भरती-ओहोटीचं विचारत होती, लोक पाठ करून का बसलेत म्हणत होती, मधेच एका मुलाचा पतंग कुठवर गेला ते मान वाकडी करून बघत होती.

चौपाटीला लोकमान्यांचा पुतळा लागतो. १९२० च्या ऑगस्टमध्ये टिळकांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. बस सिग्नलला थांबली होती, आत्याने बसल्या जागी हात जोडले. पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीने वळून तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून पुतळ्याकडे पाहिलं.

ताडदेवला उतरून आम्ही चहा घेतला आणि परतीची १२३ धरली. परतीला जागा पुन्हा डावीकडचीच घेतली, पण आता डाव्या खिडकीत समुद्र नव्हता, इमारती होत्या. मरीन ड्राइव्हवर आलेला बहुतेक माणूस त्यांच्याकडे पाठ करून बसतो. दुपारचं ऊन पश्चिमेकडून थेट त्यांच्या तोंडावर पडलेलं असतं. उंची जवळजवळ सारखी. बाल्कन्यांचे कोपरे गोल, खिडक्यांवर भुवईसारखे पुढे आलेले छज्जे, कठडे जहाजाच्या डेकवर असतात तसे आडव्या नळ्यांचे, दारावर इमारतीचं नाव त्या काळच्या वळणदार अक्षरात. एखाद्या मजल्यावर कुणी बाल्कनी काचेने बंद करून टाकलेली, शेजारच्या मजल्यावर मूळची तशीच. चर्चगेटच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सूना महल आहे, १९३७ ची, वास्तुरचनाकार जी. बी. म्हात्रे. आर्ट डेको म्हटलं की परदेशी नावंच डोळ्यांपुढे येतात, पण मुंबईच्या या घरांमागे म्हात्र्यांसारख्या इथल्या माणसांचा मोठा हात आहे. आत्या त्या इमारतींकडे बघत म्हणाली, "यातलं एक घर आतून बघायला पाहिजे." ते काही जमलं नाही.

दुमजली बसची एक फेरी तिला घडवायचीच होती. डिझेलवर चालणारी जुनी लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. मुंबईत दुमजली बस १९३७ पासून होती, त्यामुळे त्या दिवशी अंधेरीला लोकांनी बसला हार घातले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघड्या छताची 'नीलांबरी'ही बंद झाली, पर्यटकांची खास बस. तिच्या बंद होण्याचं वाईट वाटतंच, तिच्यात बसून रात्रीचं बोरीबंदर बघण्यात मजा होती. पण शहर बघायचं तर मी आजही साधी नंबरची बस निवडीन. पर्यटकांच्या बसमध्ये सगळेच बाहेर बघणारे असतात. साध्या बसमध्ये शहरच आत येऊन बसतं.

विजेवरच्या नव्या डबलडेकर फेब्रुवारी २०२३ पासून आल्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र एनसीपीए असा ११५ चा मार्ग पहिला. या बसला दोन जिने आहेत. सुटायच्या ठिकाणी बस थोडा वेळ उभी असते, गुडघेदुखीच्या माणसाने जिना तेव्हाच चढावा, चालत्या बसमध्ये चढू नये. आम्ही पोचलो तेव्हा कंडक्टरताई दारात उभ्या होत्या. "मावशी, वर जायचंय? मग दोन्ही हातांनी दांडी धरा. मी बेल देत नाही तोवर." आत्या एकेक पायरी चढली, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून. वर पुढची सीट रिकामी होती. तिथून बोरीबंदरच्या भिंतीवरची कोरीव कामं जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतात. खालून नुसता दगडी पानाफुलांचा पट्टा वाटतो, वरून त्यातला मोर वेगळा दिसतो. हे कोरीव काम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ, एक इंग्लंडचा आणि एक आपला. समोर महापालिका, तीही थोरल्या स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पुरी झालेली. बस दोन इमारतींच्या मधून वळते तेव्हा वरच्या पुढच्या काचेत दोन्ही घुमट एकदम येतात. उतरताना कंडक्टरताईंनी आत्याला हात दिला.

तिसरा रस्ता बोरीबंदर ते दादर, आणि मला विचाराल तर सगळ्यात भरलेला. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री याच रस्त्याने, बोरीबंदरहून दादरला गेली. इथे चढण्याआधी कंडक्टरला एकच प्रश्न विचारायचा: "वरून की खालून?" मोहम्मद अली रोडवर जेजे पूल आहे. वरून जाणारी बस क्रॉफर्ड मार्केटजवळ पुलावर चढते आणि थेट जेजे रुग्णालयापाशी उतरते. खालून जाणारी बस पुलाच्या सावलीतून, प्रत्येक थांबा घेत जाते. आम्हाला खालून हवं होतं. दोन बस सोडल्या, तिसरी मिळाली.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. दारावरच्या कमानीत दगडी शिल्पपट आहेत, शेतकरी आणि बाजाराचे. ते जॉन लॉकवूड किपलिंग यांनी घडवले, ते तेव्हा जे. जे. कला शाळेत शिकवत होते. मंडईच्या थांब्यावर बसमध्ये पिशव्यांची रांग येते, फळं, सुकामेवा, सजावटीचं सामान. पुढे मिनारा मशीद, भेंडी बाजार, अत्तराची दुकानं, टोप्यांची, मिठाईची. वर पूल असल्यामुळे भर दुपारी दिवे लागलेले असतात. बस इथे मिनिटामिनिटाला थांबते आणि त्याचा मला एकदाही कंटाळा आला नाही. एका थांब्यावर भांड्यांच्या दुकानात कारागीर तांब्याच्या हंड्याला आतून कल्हई करत होता. कापडाचा बोळा फिरवला की काळ्या पोटात चांदीसारखी रेघ उमटत होती. बस सिग्नलला अडकली होती, त्यामुळे हंडा अर्धा उजळेपर्यंत आम्हाला बघायला मिळालं. आत्याने कल्हईवाला बघून कित्येक वर्षं झाली होती. "आमच्याकडं आता येतच न्हाई कुणी," ती म्हणाली, आणि बस सुटल्यावरही मागे वळून बघत राहिली.

भायखळ्याला जिजामाता उद्यानापाशी, म्हणजे राणीच्या बागेपाशी उतरायचं. लोक पेंग्विन बघायला येतात, त्यांनी जरूर बघावेत. पण उद्यानाच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. आत मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून त्या काळचे कारागीर, त्यांचे पोशाख, जातीजमातींच्या पगड्या असं सगळं मांडलेलं आहे. आत्या तिथल्या पगड्यांपाशी फार वेळ थांबली. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. आणि याच आवारात आहे काळा घोडा. मूळचा. त्याच्यावर सातवे एडवर्ड बसलेले आहेत. १९६५ मध्ये हा पुतळा फोर्टमधून उचलून इथे आणला, चौकाचं नाव मात्र तिथेच राहिलं. "हा बघ तुझा स्वार," मी आत्याला म्हटलं. दोन दिवसांपूर्वीचा प्रश्न तिला आठवत होता. तिने घोड्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. उद्यान आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

भायखळ्याच्या पुढे पुन्हा तोच प्रश्न, कारण लालबागलाही पूल आहे. खालून गेलात तर चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता, परळ हे सगळं लागतं. हे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आज बसमधून एखादी चिमणी दिसते, तिच्यामागे काचेचा टॉवर. कऱ्हाड-पाटण-साताऱ्याकडच्या किती घरांतली माणसं या रस्त्यावर कामाला आली होती! आत्याचे थोरले दीर इथल्याच एका गिरणीत होते. चाळीचं नाव तिला आठवत नव्हतं, "जिना बाहेरून होता" एवढंच आठवत होतं. बाहेरून जिना असलेली प्रत्येक चाळ तिने मला बोट करून दाखवली. बस मसाल्याच्या दुकानांपाशी आली तेव्हा आतसुद्धा ठसका लागला. लालबागला मिरची कांडप करून घ्यायला अजूनही लांबून लोक येतात.

परतीला आम्ही मुद्दाम जेजे पुलावरून जाणारी बस घेतली. खालून जाताना वरचे मजले दिसत नाहीत. पुलावरून ते इतके जवळून जातात की खिडकीतली कुंडी, लाकडी जाळी, दाराच्या चौकटीवरची नक्षी सहज दिसते. एकाच रस्त्याचे हे दोन मजले आहेत, वेळ असेल तर दोन्ही बघा.

मलबार हिलला पाटीवर 'कमला नेहरू पार्क' लिहिलेली बस नेते. चढण लागली की डावी-उजवी दोन्हीकडे झाडी, आणि एका वळणावर खाली चौपाटी. म्हातारीचा बूट बघून आत्या हसली. बाकी तिथे सांगण्यासारखं फार नाही.

बसने फिरण्यात वाट बघणं येतंच. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास, आणि थांब्यावर बसायला जागा असेलच असं नाही. आम्ही एक घडीची छोटी खुर्ची बरोबर ठेवली होती, वयस्कर माणूस बरोबर असेल तर तुम्हीही ठेवा. पाणी ठेवा, पण बेताने, कारण स्वच्छतागृह शोधणं ही खरी अडचण आहे. आम्ही मोठी स्टेशनं, संग्रहालय आणि उद्यान यांच्या हिशेबाने उतरायची ठिकाणं ठरवली. एका दिवसात एकच रस्ता, जाऊन-येऊन. दोन रस्ते केले की दुसरा डोक्यात राहत नाही.

आत्या परत गेली त्या आठवड्यात तिच्या पुतण्याचा फोन आला. आत्याने त्याला १२३, 'खालून', डावी खिडकी आणि बुधवार सोडून असं सगळं लिहून दिलंय म्हणे, आणि तो दिवाळीत पोरांना घेऊन येतोय. त्याला वांद्र्याकडचा रस्ता हवाय. माहीम, मग बँडस्टँडची बाजू. त्यातली डावी बाजू कुठली चांगली हे अजून बघायचंय, येत्या रविवारी जाऊन येते.